गाव करी ते राव न करी : दीर्घिका निवडणारी माणसं

वाचण्यापूर्वी

वर्गात किंवा घरी या प्रश्नांवर दोन मिनिटं बोला.

१. तुमच्या घरी तांदूळ किंवा डाळ निवडताना तुम्ही कुणाला पाहिलं आहे का? निवडणं म्हणजे काय करणं?
२. रिग्गईतल्या तुमच्या गच्चीवरून रात्री किती तारे दिसतात? भारतात आजोळी गेल्यावर किती दिसतात?
३. शास्त्रज्ञ नसलेला माणूस विज्ञानाला मदत करू शकतो का?

१. दीर्घिका म्हणजे काय?

आपला सूर्य हा एक तारा आहे. असे अब्जावधी तारे, त्यांच्यामधला वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड मोठा समूह असतो. त्याला मराठीत ‘दीर्घिका’ म्हणतात. आपण ज्या दीर्घिकेत राहतो, तिचं नाव ‘आकाशगंगा’. म्हणजे आकाशगंगा ही एक दीर्घिका आहे, पण प्रत्येक दीर्घिका आकाशगंगा नाही. बोलताना लोक या दोन शब्दांची गल्लत करतात. तुम्ही करू नका.

आपल्या शेजारच्या मोठ्या दीर्घिकेला मराठीत ‘देवयानी’ म्हणतात. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला २५ लाख वर्षं लागतात. तरीही अंधाऱ्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनी पुसटशी दिसते. इ.स. ९६४च्या सुमारास अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या अरबी ग्रंथात तिची ‘छोटा ढग’ अशी नोंद केली. दुर्बिणीचा शोध लागायला तेव्हा सहाशेहून जास्त वर्षं बाकी होती!

तुम्ही शाळेत अरबी शिकत असाल, तर आणखी एक गंमत बघा. ‘अल-दबरान’ या ताऱ्याच्या नावाचा अर्थ ‘मागून येणारा’. कृत्तिकांच्या मागून तो आकाशात वर येतो, म्हणून हे नाव. त्याच ताऱ्याला आपण ‘रोहिणी’ म्हणतो. तारा एकच, पण कुवेतमध्ये आणि महाराष्ट्रात त्याला हाक वेगळी.

दीर्घिकांचे आकार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काही दीर्घिका भोवऱ्यासारख्या असतात आणि त्यांना वळलेले हात असतात. त्या सर्पिल दीर्घिका. काही गुळगुळीत, गोल किंवा अंड्यासारख्या असतात. त्या लंबवर्तुळाकार दीर्घिका. काही वेळा दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत असतात. आकार पाहून दीर्घिकेचा इतिहास कळायला मदत होते. तिच्यात नवे तारे जन्मत आहेत का, ती दुसरीवर कधी आदळली होती का, याचे धागे आकारातच सापडतात.

२. नऊ लाख चित्रं कोण बघणार?

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका डोंगरावर अडीच मीटर रुंद आरशाची दुर्बीण आहे. तिने आकाशाच्या मोठ्या भागाचे फोटो काढले. त्यांत सुमारे नऊ लाख दीर्घिका निवडण्याजोग्या होत्या. प्रत्येकीकडे बघून ‘ही सर्पिल, ती लंबवर्तुळाकार’ असं कुणीतरी ठरवायला हवं होतं. त्या काळचे संगणक या कामात कच्चे होते. माणसाचा डोळा मात्र हे काम काही सेकंदांत करतो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात केव्हिन शाविन्स्की हा तरुण संशोधक होता. त्याने एकट्याने ५०,००० दीर्घिका तपासल्या. डोळे थकले आणि काम तर अजून डोंगराएवढं बाकी! मग त्याने ख्रिस लिंटॉट आणि इतर सहकाऱ्यांसोबत एक वेगळी वाट काढली. जुलै २००७मध्ये त्यांनी ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प सुरू केला. ‘झू’ म्हणजे प्राणिसंग्रहालय. इथे पिंजऱ्यात वाघ-सिंह नव्हते, पडद्यावर दीर्घिका होत्या. इंटरनेट असलेला कुणीही माणूस चित्र बघून आपलं मत देऊ शकत होता.

मदतीला किती लोक आले असतील? पहिल्या दिवसातच तासाला जवळजवळ ७०,००० मतं येऊ लागली. पहिल्या वर्षात दीड लाखाहून जास्त लोकांनी पाच कोटींहून जास्त मतं दिली. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, निवृत्त झालेले आजी-आजोबा होते. पगार कुणालाच नव्हता. अशा कामाला नागरिक विज्ञान म्हणतात.

मराठीत एक म्हण आहे: गाव करी ते राव न करी. राव म्हणजे राजा. एकटा राजा कितीही मोठा असला, तरी सगळा गाव मिळून जे करतो ते त्याला जमत नाही. या म्हणीचं इतकं मोठं उदाहरण क्वचितच सापडेल.

३. एकाच दीर्घिकेला इतकी मतं कशाला?

हिशेब करून बघा. पाच कोटी मतं आणि नऊ लाख दीर्घिका. म्हणजे एका दीर्घिकेला सरासरी पन्नासहून जास्त मतं. एकाने सांगितलं तर पुरत नव्हतं का?

नाही. कारण माणूस चुकतो. कुणी झोपेत असतो, कुणी घाईत असतो, कुणाचं बोट चुकीच्या बटणावर पडतं. पण पन्नास जण जर एकमेकांना न विचारता तेच चित्र बघत असतील, तर त्यांच्या चुका वेगवेगळ्या दिशांना जातात. एकाची चूक इतरांच्या बरोबर उत्तरांखाली झाकली जाते, आणि बहुतेक वेळा बहुमत योग्य जागी येऊन थांबतं. शिवाय मतांची फाटाफूटही उपयोगी पडते. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस जण ‘सर्पिल’ म्हणाले, तर शास्त्रज्ञ निर्धास्त होतात. पंचवीस-पंचवीस झाले, तर त्यांना कळतं, की हे चित्र अवघड आहे, पुन्हा बघायला हवं.

पण सगळ्यांची चूक एकाच दिशेला असेल तर? मग हजार माणसं असली तरी उपयोग नाही. गॅलेक्सी झूमध्ये अगदी हेच घडलं. सर्पिल दीर्घिका कोणत्या बाजूला वळलेली आहे, हेही लोकांना विचारलं होतं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, की उलट? उत्तरं मोजली, तर ‘उलट’ वळलेल्या दीर्घिका जास्त निघाल्या. विश्वात खरंच असं असेल तर तो फार मोठा शोध ठरला असता!

शास्त्रज्ञांनी लगेच आनंदाने उड्या मारल्या नाहीत. त्यांनी एक साधी युक्ती केली. काही चित्रं आरशात दिसतात तशी उलटी करून लोकांना दाखवली. विश्व खरंच एका बाजूला झुकलेलं असतं, तर आता निकाल उलटा यायला हवा होता. तो आला नाही. उलट्या चित्रांतही लोकांना ‘उलट’ दिशाच जास्त दिसली. म्हणजे कल विश्वात नव्हता. तो बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होता.

मराठीत म्हणतात ना, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

४. संवाद : शंभराचा हट्ट

*(रिग्गईत राहणारी तेरा वर्षांची नात आणि नारायणगावचे निवृत्त शिक्षक असलेले तिचे आजोबा फोनवर बोलत आहेत. नातीला मराठीच्या वर्गात सरावासाठी दीर्घिकांची शंभर चित्रं मिळाली आहेत. प्रत्येक चित्रापुढे चार पर्याय आहेत: सर्पिल, लंबवर्तुळाकार, दोन मिसळलेल्या, सांगता येत नाही.)*

नात : आजोबा, जेवलात का?

आजोबा : जेवलो की. इकडं साडेनऊ वाजले. तुमच्याकडं सात झाले असतील ना?

नात : हो. आजोबा, मी दीर्घिका निवडतेय. शंभर आहेत. आज सगळ्या संपवणार म्हणजे संपवणार.

आजोबा : अगं, एवढी घाई कशाला?

नात : वर्गात सगळ्यांत आधी माझ्या झाल्या पाहिजेत. साठ झाल्यासुद्धा! पण काही फोटो इतके पुसट आहेत ना, काही कळतच नाही. मग मी सरळ ‘सर्पिल’वर खूण करते.

आजोबा : कळत नाही, तर सर्पिल का?

नात : सर्पिल छान दिसतात म्हणून. आणि आमच्या वर्गात बावीस मुलं आहेत. माझं एक मत चुकलं तर काय बिघडतंय?

आजोबा : असं बघ. इथं आपल्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो येतो. शेतावर माणसं बसून एकेक फळ निवडतात, मग क्रेट भरतात. समज, एकीनं एक डागी टोमॅटो चांगल्यात टाकला. दुकानदार तो बाजूला काढेल. पण प्रत्येकीनं म्हटलं, ‘माझ्या एका डागी टोमॅटोनं काय बिघडतंय?’ तर?

नात : तर सगळा क्रेट डागी.

आजोबा : झालं तर मग! तुला सर्पिल आवडतात, तशा बाकीच्या पोरांनाही आवडत असणार. सगळ्यांनी आवडीनं खूण केली, तर शेवटी काय कळेल? दीर्घिका कशी आहे ते, की पोरांना काय आवडतं ते?

नात : *(थोडं थांबून)* पोरांना काय आवडतं ते.

आजोबा : म्हणून म्हणतो, कळत नसेल तर ‘सांगता येत नाही’ म्हणावं. त्यात लाज कसली?

नात : पण आजोबा, परीक्षेत असं लिहिलं तर शून्य मार्क मिळतात!

आजोबा : खरं आहे तुझं. मीही तीस वर्षं पोरांना शून्यच देत आलो. पण परीक्षेत उत्तर आधी कुणाला तरी ठाऊक असतं. इथं ते कुणालाच ठाऊक नाही. इथं ‘सांगता येत नाही’ हेही उत्तरच आहे.

नात : मग मला त्या साठांतल्या पंधरा-वीस पुन्हा बघाव्या लागतील. आज काही संपत नाहीत.

आजोबा : उद्या शनिवार. तुम्हाला सुट्टी असते ना?

नात : असते. पण मग माझा पहिला नंबर जाणार.

आजोबा : जाईल. ठरव तू.

५. खोडदच्या दुर्बिणी आणि रॅड ॲट होम

आजोबांच्या नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. पुण्यापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर. तिथल्या शेतांमध्ये प्रचंड मोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही आहे जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्यात ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. चौदा तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीसारखं काम करतात.

या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. मग रेडिओ लहरी जाळीतून निसटत नाहीत का? नाही. या लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा खूप मोठी असते. चाळणीतून पीठ जातं, पण बोर जात नाही, तसंच.

रेडिओ दुर्बीण ‘बघते’ ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अनेक दीर्घिकांच्या मध्यभागी मोठं कृष्णविवर असतं. काही कृष्णविवरांजवळून अतिशय वेगवान कणांचे झोत बाहेर फेकले जातात. साध्या फोटोत त्यांचा पत्ताही लागत नाही, पण रेडिओ चित्रात ते स्पष्ट उमटतात.

१५ एप्रिल २०१३ रोजी डॉ. आनंद होता यांनी भारतात रॅड ॲट होम हा नागरिक विज्ञानाचा प्रकल्प सुरू केला. ते मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात काम करतात. इथे नुसतं बटण दाबून भागत नाही. स्वयंसेवक आधी शिकतात: रेडिओ चित्र आणि नेहमीचं प्रकाशातलं चित्र वेगवेगळ्या रंगांत एकावर एक कसं ठेवायचं, झोत कसा ओळखायचा, विचित्र काय आणि नेहमीचं काय. मग जीएमआरटीने आधीच काढलेल्या चित्रांत ते शोध घेतात. काही विशेष सापडलं, तर त्या वस्तूकडे पुन्हा नीट बघण्यासाठी जीएमआरटीकडे वेळ मागितला जातो.

या कामातून काय मिळालं?

* रॅड १२ : सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका दीर्घिकेतून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर जाऊन आदळतो आणि तिथे अळंबीच्या छत्रीसारखा पसरतो. हा शोधनिबंध २०२२मध्ये प्रसिद्ध झाला.
* जुळी कडी : आकाशात काही विचित्र रेडिओ कडी दिसतात. ती फक्त रेडिओ चित्रांतच उमटतात. पहिली काही कडी ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीने शोधली. ऑक्टोबर २०२५मध्ये रॅड ॲट होमने अशा एका कड्याची बातमी दिली. ते खरं तर एकमेकांना छेदणारं दोन कड्यांचं चित्र आहे. युरोपातल्या ‘लोफार’ या रेडिओ दुर्बिणीच्या चित्रांत ते सापडलं. तोवर माहीत असलेल्या अशा कड्यांत ते सर्वांत दूरचं आणि सर्वांत शक्तिशाली. त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचं वय आजच्या निम्म्याच्या आसपास होतं.

६. संगणक हुशार झाले, मग माणूस कशाला?

आज संगणक दीर्घिका ओळखायला शिकले आहेत. पण ते शिकले कुणाकडून? गॅलेक्सी झूच्या लाखो लोकांनी दिलेल्या उत्तरांवरूनच एक संगणकप्रणाली तयार झाली. २०२३मध्ये युक्लिड नावाची दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या चित्रांसाठी माणसं आणि ही प्रणाली मिळून काम करतात. सोपी चित्रं संगणक पटापट निवडतो. अवघड चित्रांसाठी माणसाचं मत लागतं.

आणि शिक्षकाने चुकीचं शिकवलं, तर विद्यार्थीही चुकीचं शिकतो. संगणकाचंही तसंच. न बघता केलेली एक खूण आज एका यादीत जाते, आणि उद्या त्या यादीवरून संगणक लाखो चित्रांबद्दल निर्णय घेतो.

शिवाय, जे शोधायला सांगितलं नाही ते बघून माणूस थांबतो. २००७मध्ये नेदरलँड्समधली शाळाशिक्षिका हॅनी व्हान आर्केल दीर्घिका निवडत होती. एका दीर्घिकेजवळ तिला एक निळसर डाग दिसला. तिला विचारलेला प्रश्न फक्त दीर्घिकेबद्दल होता. डागाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. ती सोडून पुढे गेली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता. पण तिने विचारलं, “हे काय आहे?” शास्त्रज्ञांनाही उत्तर माहीत नव्हतं. पुढे कळलं, की तो वायूचा अवाढव्य ढग आहे. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी आलेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता. ते केंद्र आता मंद झालं आहे, पण ढग अजून चमकतो आहे. ‘वस्तू’ या अर्थाचा डच शब्द आहे ‘फोरवेर्प’. म्हणून त्या ढगाला जगभर ‘हॅनीची वस्तू’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. शोधनिबंधाच्या लेखकांत हॅनीचंही नाव आहे.

रिग्गईतल्या दिव्यांच्या उजेडात आणि धुळीत गच्चीवरून फार तारे दिसत नाहीत. पण अशा कामाला काळोखी रात्र लागत नाही. एक पडदा लागतो, थोडा वेळ लागतो, आणि जे दिसतं तेच सांगण्याची सवय लागते.

शब्दार्थ

* दीर्घिका : तारे, वायू आणि धूळ यांचा प्रचंड समूह
* प्रकाशवर्ष : प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो, ते अंतर (हे वेळेचं माप नाही!)
* सर्पिल : सापाच्या वेटोळ्यासारखं वळलेलं
* निर्धास्त : काळजी नसलेला
* मतांची फाटाफूट : सगळ्यांचं मत एक नसणं
* कल : एका बाजूला झुकणं
* डागी : डाग पडलेलं, थोडं खराब झालेलं (फळ)
* झोत : जोराने एका दिशेला जाणारा प्रवाह
* कडं (अनेकवचन : कडी) : गोल वलय, बांगडीसारखा आकार
* बोल लावणं : दोष देणं

बोलणं आणि लिहिणं

संवादात आजोबा ‘इकडं’, ‘तुमच्याकडं’, ‘एकीनं’ म्हणतात. पाठात ‘इथे’, ‘त्याने’, ‘शिक्षकाने’ असं लिहिलं आहे. दोन्ही रूपं मराठीच आहेत. संवादातली अशी पाच रूपं शोधा आणि त्यांपुढे लेखी रूप लिहा.

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. आकाशगंगा आणि दीर्घिका यांत काय फरक आहे?
२. जीएमआरटीच्या तबकड्या जाळीच्या का आहेत?
३. चित्रं आरशातल्यासारखी उलटी करून का दाखवली?

आ) चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
१. वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या चुका आणि एकाच दिशेला जाणाऱ्या चुका यांत काय फरक आहे? नातीची चूक कोणत्या प्रकारची होती?
२. परीक्षेतलं ‘माहीत नाही’ आणि संशोधनातलं ‘सांगता येत नाही’ यांत आजोबांनी कोणता फरक सांगितला? तुम्हाला तो पटतो का?
३. नातीने पुढे काय केलं असेल? संवादाच्या पुढची सहा वाक्यं तुम्ही लिहा.

इ) वाक्यात उपयोग करा : पत्ता न लागणं, बोल लावणं, वाट काढणं.

घरी करून पाहा

एका वाटीत मूठभर हरभरे घ्या आणि ताटात पसरा. घरातल्या प्रत्येकाने ते फक्त दहा सेकंद बघायचे, आणि किती आहेत याचा अंदाज कागदावर लिहायचा. एकमेकांना विचारायचं नाही. मग सगळ्या अंदाजांची सरासरी काढा आणि हरभरे खरोखर मोजा. सरासरी किती जवळ आली? आता दुसऱ्यांदा करा, पण या वेळी बाबांनी किंवा आईने आपला अंदाज आधी मोठ्याने सांगायचा. बाकीच्यांचे आकडे त्यांच्याकडे झुकले का? जे दिसलं ते पाच वाक्यांत लिहून पुढच्या तासाला आणा. अंदाज फसला असेल, तर तोही लिहा.